चढाकडे पाडलेलं झाड

गिरणी, ३ मार्च

दाजी, नमस्कार.

सात नंबरच्या कूपातलं, तुमच्या तोडीच्या पट्ट्यातलं, ते झाड शेवटी कितीला पडलं, त्याचा हिशेब आधी मांडतो. मुकादमाचा उजवा पाय, गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणतात पाय राहील, पण पूर्वीची चाल राहणार नाही. टोळीतल्या बाकीच्यांचं काम बंद. ताईची झोप. तुमची अख्खी नोकरी टांगणीला. आणि ओंडका? तो अजून उतारावरच लोळतोय. म्हणजे माल हाती आलाच नाही, किंमत मात्र सगळी भरून झाली. असा सौदा माझ्या गिरणीत कोणी केला असता, तर दुसऱ्या दिवशी मी त्याला भुसा भरायला बसवलं असतं. मी स्वतः तिथूनच वर आलोय, त्यामुळे ती जागा वाईट नाही.

काल दवाखान्यात गेलो होतो. मुकादमाच्या खाटेभोवती पडदा ओढलेला. आत कोणीतरी बोलत होतं, म्हणून मी बाहेरच थांबलो. आता माझे कान तुम्हाला माहीत आहेत. आरा चालू असताना मागच्या फाटकात दोन कामगार काय कुजबुजतात ते मला ऐकू येतं. इथे तर नुसता पडदा होता.

"साहेबांनी झाड चढाकडे पाडायला लावलं, एवढंच सांगायचं. जास्त नाही, कमी नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पाय तुझा आणि खर्चही तुझा."

तो सपाटरावाचा माणूस. (कंत्राटदाराला सपाटराव हे नाव मी ठेवलंय. ज्या डोंगराला हात लावतो त्याची पाटी कोरी करतो. ताईला आवडलं.) हे जंगल कोणी कसं तोडायचं, याच्या २० तारखेच्या सुनावणीत त्याला एवढंच सिद्ध करायचंय, की तुमची एकेक झाड निवडून तोडायची पद्धत माणसाच्या जिवावर उठते. त्यापेक्षा सगळा उतार एकदम साफ करू द्या, मागून रोपं लावतो. दुसऱ्या बाजूला हेडबाई, आपल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सरकारी जंगलात कुऱ्हाडच नको. दोन दगडांच्या मधे तुमचं बोट.

माझं ऐका. अहवालात लिहा की झाड कुठे पाडायचं ते मुकादमाने ठरवलं. त्याला कोण काय करणार? पाय मोडलेल्या माणसाला कोणी शिक्षा करत नाही. सपाटरावाच्या हातातलं कोलीत तेवढं निघेल.

तुमचा,
धाकटा


रेंज ऑफिस, ७ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र काल वनखात्याच्या गाडीने आलं. हे सगळं फोनवर बोलू नकोस. या लाइनवर वाटेत खात्याचे तीन तपासणी नाके आहेत आणि तिन्ही नाक्यांवर तुझ्यासारखेच कान आहेत.

दिशा मी ठरवली. बुंध्यावर खडूने बाण मी काढला. ते मी लपवणार नाही.

तुला लाकूड कळतं, म्हणून सांगतो. ते झाड उताराकडे सोडलं असतं तर पटकन पडलं असतं. पण त्याच्या खालच्या अंगाला मागच्या तोडीनंतर आपणहून उगवलेली पोरं उभी आहेत. माझ्या खांद्याएवढी झालीत. ती सगळी चिरडून एक ओंडका काढायचा, तर माझ्या तोडीत आणि सपाटरावाच्या तोडीत फरक तो काय? मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनी मला एका बुंध्यापाशी उभं केलं. म्हणाले, "झाड नंतर दाखव. त्याच्या जागी कोण उभं राहणार ते आधी दाखव. नसेल दाखवता येत, तर कुऱ्हाड घरी ने." पुढे मी जे काही केलं ते त्या एका वाक्यावर केलं.

हेडबाई गेल्या महिन्यात इथे येऊन गेल्या, ते तुला सांगायचं राहिलं. दिवसभर चालल्या. पाच नंबरच्या कूपात दमून बसल्या आणि म्हणाल्या, "आता मला तोड झालेला भाग दाखवा."

"आपण त्यातच आहोत, बाई."

"थापा मारू नका. मग खुंट कुठे आहेत?"

"एकावर तुम्ही बसलाय."

हसल्या नाहीत. पण उठून त्या खुंटाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मी त्यांना म्हटलं, बंदी घातल्याने तोड थांबत नाही. फक्त रात्री होते, आणि रात्री तोडणारा खालची पोरं बघत नाही. पटलं नाही त्यांना. तरी त्या ऐकून घेतात, हे काही कमी नाही.

एक विचारतो. चढाकडे पाडायचं झाड पाचरींनी पाडतात. मागून काप घ्यायचा, त्यात पाचर ठोकायची, थांबायचं, झाड काय म्हणतं ते बघायचं, पुन्हा ठोकायची. घाई नको, अंधार पडला तर उद्या पाडा, असं सांगून मी खाली आलो होतो. त्यानंतर वर काय झालं, याबद्दल मुकादम तुझ्याशी काही बोलला का?

तुझा,
दाजी


गिरणी, १० मार्च

दाजी, नमस्कार.

पाचरींबद्दल मुकादम काही बोलला नाही. बिचारा औषधांच्या गुंगीत असतो.

तुमचा ताठा मला ठाऊक आहे. ताई म्हणते, तुम्ही लग्नातसुद्धा फेटा सरळ आहे का हे झाडाच्या खोडाकडे बघून ठरवलं होतंत. तेव्हा तुमच्या हातून काही होणार नाही हे ओळखून मीच एक काम उरकलंय. काल परत दवाखान्यात गेलो. मुकादमाशी निवांत बोललो. म्हटलं, गड्या, साहेबांनी तुला आजवर सांभाळलं, आता तू त्यांना सांभाळ. दिशा माझी मी ठरवली, म्हणून सांग. बरा झालास की माझ्या फाटकावर खुर्ची टाकून बस, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघ. तो एका शब्दानेही वाकडं बोलला नाही. म्हणाला, "साहेबांसाठी एवढं करीन."

त्याची बायको मात्र तोंडाची तिखट. खाटेच्या पायाशी बसून सगळं ऐकत होती. मी निघालो तशी म्हणाली, "पाय तर गेलाच. आता जीभही तुम्हीच ठेवून घेणार का?" मी हसण्यावारी नेलं. बायकांना कुठे कळतात सुनावण्या.

सपाटरावाने रेटून विचारलं तरी आता मुकादम आपला आहे. तुम्ही अहवालात फक्त दिशेचा उल्लेख टाळा. खोटं लिहू नका, खरं लिहायला विसरा. एवढं तर जमेल?

तुमचा,
धाकटा


रेंज ऑफिस, १३ मार्च

गिरणीमालकांस,

माझा अहवाल ५ तारखेलाच वर गेला. दिशा मी ठरवली, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आता मुकादम शपथेवर सांगणार की त्याने ठरवली. सपाटराव आम्हा दोघांना समोरासमोर उभं करेल आणि दोघेही खोटे ठरू. पाडलेलं झाड कधी कधी शेजारच्या झाडात अडकून लटकतं. त्याच्याखाली आम्ही कोणाला फिरकू देत नाही, कारण ते कधी सुटेल याचा नेम नसतो. तुम्ही तसं झाड लटकवून घरी गेलात.

आणि अहवालात मी जे लिहिलं नाही, तेही ऐका.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. पाचरी तिथेच पडलेल्या होत्या, डोकी कोरी. एकही ठोकलेली नव्हती. झाडाच्या अंगावर, दोन पुरुष उंचीवर, पोलादी दोराचा वळ होता. दोराचा तुटलेला तुकडा झुडपात सापडला. वरच्या रस्त्यावर लॉरीची मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डे पडले होते. माझ्या खात्याकडे पोलादी दोर नाही. त्या दिवशी वर एकच लॉरी आली होती, आणि ती तुमची होती.

झाड पाचरींनी वर चढवायच्या ऐवजी लॉरीने ओढलं. ओढ तिरकी लागली, मधली न कापलेली पट्टी फाटली, झाड स्वतःभोवती फिरलं आणि बुंधा घसरून खाली मुकादमावर आला. बाणात चूक नव्हती. ओढण्यात होती.

सरकारी जंगलात खाजगी गाडीने उभं झाड ओढलं तर गिरणीचा परवाना जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून दोराबद्दल मी एक ओळही लिहिली नाही. तुमच्या ताईने मला काही सांगितलं नव्हतं. तिने फक्त तुमच्या लग्नातला फोटो भिंतीवरून काढला, पुसला आणि परत लावला. मला ते पुरलं. आजवरच्या नोकरीत पहिल्यांदा मी अर्धा अहवाल लिहिला.

आता परिस्थिती अशी आहे. मी गप्प बसलो, तर चढाकडे पाडणंच माणसाला मारतं असं ठरेल आणि निवडक तोड कायमची बंद होईल. मग एक तर सपाटराव येईल, नाहीतर रात्रीचे चोर. मी बोललो, तर तुमची गिरणी बंद.

वर घाई कोणी केली ते मला ठाऊक नाही. अंदाज आहे.

वनाधिकारी


गिरणी, १६ मार्च

दाजी,

तुमचं पत्र मी आरा बंद करून वाचलं. कामगारांना वाटलं वीज गेली.

ठाऊक नाही म्हणता, तर ऐका. माझी लॉरी दुपारपासून वर रिकामी उभी होती. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात येणार होतं. मी नाक्यावर फोन लावला, मुकादमाला फोनवर बोलावून घेतलं आणि म्हणालो, "पाचरी काय ठोकत बसलाय? लॉरी काय तिथे शोभेला उभी आहे?" एवढंच. दोर लाव, असं मी म्हणालो नाही. पण मी तरी कोणाला फसवतोय? लॉरीचा उपयोग दुसरा काय होणार होता? लोकांचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकणारे हे कान, पण ते वाक्य मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते दवाखान्याच्या जिन्यात, मुकादमाच्या बायकोचं बोलणं ऐकून खाली उतरताना.

तरीही तुमच्यापुढे हात जोडतो. मिठाची गुळणी धरा. माझ्याकडे नऊ माणसं आहेत, नऊ चुली. परवाना गेला की आरा गंजतो, आणि गंजलेल्या आऱ्याला भंगारवालाही नाक मुरडतो. मी शून्यातून वर आलोय, दाजी, मला परत शून्याकडे जायचा रस्ता चांगला माहीत आहे. तो उताराचा आहे. तुमची तर तीनच वर्षं राहिलीत. लवकर निवृत्ती घ्या. पेन्शन कोणी अडवत नाही. जंगल काय कुठे पळून जातंय का?

माझ्या बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. ती दोनदा विचारून गेली, जेवणात मीठ कमी आहे का म्हणून.

धाकटा


रेंज ऑफिस, १८ मार्च

प्रिय धाकट्या,

जंगल पळून जात नाही, खरं आहे. लॉरीत घालून नेतात.

मला शपथेवर विचारलं, तर मी खरं सांगेन. विचारलं नाही, तर तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. माझ्याकडून एवढंच होण्यासारखं आहे. हे धड इकडचं नाही आणि तिकडचंही नाही, ते मला कळतं.

काल दवाखान्यात जाऊन आलो. मुकादमाला म्हटलं, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस.  तो म्हणाला, "साहेब, त्यांचा माणूस म्हणतो असं बोल. मेव्हणे म्हणतात तसं बोल. तुम्ही म्हणता बोलू नको. माझा पाय काय म्हणतो, ते कोणी विचारत नाही."  त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं नाही. मी उभाच होतो.

ताई परवा येणार आहे, सुनावणीला. तू येऊ नको, असं मी म्हणणार नाही. ये, असंही म्हणणार नाही.

दाजी


गिरणी, २१ मार्च

दाजी, नमस्कार.

तुमची जबानी झाल्यावर तुम्हाला त्यांनी बाहेरच्या खोलीत बसवलं आणि तिथूनच वरच्या साहेबांच्या गाडीत घालून नेलं, त्यामुळे खरी मजा तुमची हुकली. ताई सांगेल, पण ताई माझं कौतुक हात राखून करते. म्हणून मीच लिहितो.

तुम्ही आत होता तेव्हाच माझी पाचावर धारण बसली होती. सपाटरावाच्या वकिलाने तुम्हाला विचारलं, "चढाकडे झाड पाडणं सुरक्षित आहे?" तुम्ही म्हणालात, "पाचरींनी आणि सवडीने, हो." तो म्हणाला, "मग त्या दिवशी सवड नव्हती का?" तेव्हा तुम्ही पाण्याचा पेला उचललात आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाहीत. मी मागच्या रांगेत खांबाआड होतो. सगळ्या सभागृहात मला तुमचा घोट तेवढा ऐकू येत होता. मग तुम्ही म्हणालात, "मी सवड दिली होती." पुढचा प्रश्न तो विचारणार, इतक्यात अध्यक्षांनी वेळ संपली म्हणून त्याला बसवलं आणि तुम्हाला बाहेर पाठवलं. सुटलो, असं मला वाटायला हवं होतं.

मुकादमाला दवाखान्याने सोडलंच नव्हतं, म्हणून मग हेडबाई बोलल्या. त्यांनी तुमच्या तोडीला विरोधच केला, पण म्हणाल्या, "मी ज्या खुंटावर बसले होते तो मला दिसला नव्हता, हेही नोंदवा." त्यांच्यानंतर सपाटराव स्वतः उठला. "पाहिलंत, एक झाड वाचवायला एक माणूस अधू केला! आमच्याकडे यंत्रं आहेत, आम्ही माणसाला झाडाजवळ जाऊच देत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या दोन गिरणीवाल्यांनीही. तुमच्याच लाकडावर त्यांनी घरं बांधलीत.

अध्यक्ष म्हणाले, "आणखी कोणाला काही सांगायचंय?" मी खांबाआडून बाहेर आलो. कसा आलो ते विचारू नका. पाय माझे होते एवढं खरं. म्हणालो, "लॉरी माझी. दोर माझा. आणि घाई तर सगळीच्या सगळी माझी. साहेबांनी पाचरी दिल्या होत्या, सवड दिली होती. मी नाक्यावर फोन करून ती सवड काढून घेतली. मुकादमाने माझं ऐकलं, कारण ज्याच्या दारात लॉरी उभी असते त्याचं सगळेच ऐकतात. झाड चढाकडे पाडल्याने कोणाला काही होत नाही. मी बावीस वर्षं या पद्धतीचं लाकूड कापतोय. बारीक येतं, सरळ येतं, आणि दर वर्षी येतं. यांच्या साफ केलेल्या उताराचं लाकूड मी एकदाच कापलं. दुसऱ्यांदा कापायला तिथे काही नव्हतं."

दाजी, तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं होतंत. सपाटरावाने चष्मा काढला आणि पुसत बसला. टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या दोन शेजाऱ्यांना हात कुठे ठेवावेत ते सुचेना.

आढ्यता म्हणा हवं तर, पण सभा मी फिरवली. बुडती नाव काठाला लावली. अध्यक्षांचं पेन हातातच राहिलं होतं. त्यांना हे सगळं माझ्याच तोंडून पहिल्यांदा कळलं, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि चेहरे मला लाकडाइतकेच वाचता येतात. परवाना जाईल तो जावो. उद्या कोणी विचारलं की निवडक तोड कोणी वाचवली, तर तुम्ही संकोच करू नका, बेधडक मेव्हण्याचं नाव सांगा.

ताईने बाहेर आल्यावर पाठीत एक धपाटा घातला. मग तिथेच हात ठेवून उभी राहिली.

तुमचा,
धाकटा


रेंज ऑफिस, २९ मार्च

प्रिय धाकट्या,

निकाल आला. निवडक तोड चालू राहणार, पण फक्त या खोऱ्यात आणि पाच वर्षांपुरती. पुढचं पुढे. झाड जमिनीवर येईपर्यंत खात्याचा माणूस तिथून हलणार नाही, असा नवा नियम झाला आहे. तो माझ्यासाठीच आहे. मी सांगून खाली निघून आलो, याबद्दल मला लेखी ठपका मिळाला. अर्ध्या अहवालाबद्दल दुसरा. दोन्ही योग्य आहेत. सपाटरावाला उतार मिळाला नाही.

तुझा परवाना सहा महिने बंद. रद्द केलेला नाही. मुकादमाच्या उपचाराचा खर्च तू द्यायचा, हे तुला कळवलं असेलच. तुझी नऊ माणसं तोवर माझ्याकडे पायवाटा दुरुस्त करायला येऊ शकतील. मी वर विचारलं आहे. मुकादमाला खात्याने नव्या टोळ्यांना पाचर शिकवायला घ्यायचं ठरवलं. त्याला उभं राहावं लागणार नाही. तुझ्या फाटकावरच्या खुर्चीला त्याने नको म्हटलं.

हे तुला लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. ताई म्हणाली, लिहा, नाहीतर तो मरेपर्यंत हेच सांगत फिरेल.

काल मुकादमाच्या घरी गेलो होतो. या वेळी त्याच्या बायकोने स्टूल दिलं. तुझ्या भाषणाचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली की भाषण चांगलं झालं. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती एकटीच अध्यक्षांच्या कचेरीत गेली होती. लॉरीचा नंबर आणि फोनवरचं तुझं वाक्य तिने त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.

तुझा,
दाजी